मूर्ती, खेळणे आणि मुलगी

एप्रिल २०१२ ते मार्च २०१३ या वर्षभरात 'टीव्ही तोक्यो' या जपानी वाहिनीवर दर शनिवारी सकाळी दहा वाजता 'प्रिटी रिदम: डिअर माय फ्यूचर' ही लहान मुलींसाठीची कार्टूनमालिका लागत असे. तिच्या नायिका चार: मिया, रेइना, कारिन आणि आयामी. स्केटिंग, नृत्य, गाणे आणि वेशभूषा यांचा संगम असलेल्या 'प्रिझम शो' नावाच्या काल्पनिक कलाप्रकारात नाव काढायचे, हे त्यांचे स्वप्न. त्या आठवड्याची कथा सरली की चित्रे थांबत आणि पडद्यावर हाडामांसाच्या मुली येत. त्यांची नावेही मिया, रेइना, कारिन आणि आयामी अशीच असत. 'प्रिझमी' नावाच्या खऱ्याखुऱ्या गायिका-समूहाच्या त्या सदस्या होत्या. त्या प्रेक्षक मुलींशी बोलत, नाचून दाखवत आणि ज्या गेम मशीनवर ही मालिका बेतलेली होती, त्याची आणि त्याच्यासोबतच्या वस्तूंची ओळख करून देत.

प्रौढ रसिकाला असा तुकडा पुढे ढकलून देण्याचा मोह होतो. कथा म्हणजे कला आणि हा तुकडा म्हणजे बाजार, अशी विभागणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. प्रस्तुत लेखात थोडे उलट म्हणायचे आहे. हा तुकडा कथेला चिकटवलेले शेपूट नसून, जपानी बालमालिकांच्या अर्धशतकाच्या अर्थव्यवहाराचे ते तर्कशुद्ध फलित आहे. शिवाय या व्यवहारात नेमके काय विकले जाते, हे कथेपेक्षा त्याच तुकड्यात अधिक उघडपणे दिसते. तिथे विकणारी मुलगी आहे, विकत घेणारी मुलगी आहे, आणि विकली जाणारी वस्तूही बरीचशी मुलगीच आहे.

चॉकलेटच्या नळीपासून

आरंभ करायचा तर १ जानेवारी १९६३ पासून करावा लागतो. त्या दिवशी फुजी टीव्हीवर ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. इंग्रजीत ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाची चित्रमालिका हा उद्योग तेव्हा कोणालाच परवडण्यासारखा नव्हता. तेझुकांनी प्रत्यक्ष खर्चाहून पुष्कळ कमी मोबदला पत्करला. उरलेला खड्डा बुजवण्याचे मार्ग दोनच होते: परदेशी विक्री आणि पात्राच्या चित्राचा वापर करू देण्याचे शुल्क.

मालिकेची प्रायोजक मेइजी ही मिठाई आणि चॉकलेट बनवणारी कंपनी होती. तिच्या 'मार्बल चॉकलेट'ला तेव्हा मोरिनागा या प्रतिस्पर्ध्याच्या तशाच मालाने घेरले होते. मेइजीने १९६३ मध्ये चॉकलेटच्या नळीसोबत आतोमुचे स्टिकर देऊ केले आणि देशभरातली मुले त्या स्टिकरांमागे लागली. वह्या, दप्तरे, घरातली कपाटे, सगळीकडे आतोमु चिकटला. पुढच्या साठ वर्षांचा धडा या एका स्टिकरात सामावलेला आहे. मालिका ही मालाच्या आधी येणारी जाहिरात असते, आणि माल म्हणजे मालिकेचा घरी नेता येणारा तुकडा.

एक तपशील मात्र सहसा दुर्लक्षिला जातो. आतोमु येण्यापूर्वीही मार्बल चॉकलेट दूरचित्रवाणीवरून खपत होतेच, आणि ते खपवत होती एक लहानशी मुलगी. उएहारा युकारी ही बालकलाकार त्या जाहिरातीत झळकली तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती आणि लोक तिला 'मार्बल-चान' म्हणूनच ओळखू लागले होते. म्हणजे दोन वाटा आरंभापासून शेजारी शेजारी होत्या: रेखाटलेले पात्र माल विकते ती एक, आणि खरे मूल माल विकते ती दुसरी. पुढचा इतिहास या दोन वाटा एकमेकींत कशा मिसळल्या याचा आहे.

मिश्रधातूचा माणूस आणि खेळण्यांचा ट्रक

सत्तरच्या दशकात मिठाईवाल्यांची जागा खेळणीवाल्यांनी घेतली. डिसेंबर १९७२ मध्ये गो नागाई यांची 'माझिंगर झी' सुरू झाली. बांदाई कंपनीची उपकंपनी असलेल्या पोपीने १९७४ मध्ये त्यातल्या यंत्रमानवाची जस्ताच्या मिश्रधातूतील वजनदार प्रतिकृती 'चोगोकिन' या नावाने बाजारात आणली. ती हातात घेतली की वजन जाणवे, आणि तेच तिचे आकर्षण होते. यानंतर खेळणी बनवणारी कंपनी ही मालिकेची आश्रयदाती राहिली नाही. ती जवळजवळ सहलेखिका झाली. यंत्रमानवाला किती भाग असावेत, तो कोणत्या भागात नवे शस्त्र काढील, या गोष्टी कथेइतक्याच कारखान्यातून ठरू लागल्या.

हा आश्रय किती निष्ठुर असू शकतो याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. योशियुकी तोमिनो यांची 'मोबाइल सूट गंडम' (१९७९-८०) बावन्न भागांची ठरली होती. प्रायोजक असलेल्या क्लोव्हर कंपनीची खेळणी अपेक्षेप्रमाणे खपली नाहीत आणि मालिका त्रेचाळीस भागांवर आटोपती घ्यावी लागली. जुलै १९८० पासून बांदाईने तिचे सुटे भाग जोडून करायचे प्लॅस्टिकचे नमुने विकायला काढले आणि तीच मेलेली मालिका जपानमधील सर्वांत टिकाऊ व्यापारी नावांपैकी एक ठरली.

दुसरे उदाहरण मुलींच्या मालिकेचे आहे आणि अधिक बोचरे आहे. 'मिंकी मोमो' (१९८२-८३) या जादूगार मुलीच्या मालिकेच्या शेहेचाळिसाव्या भागात नायिका एका लहान मुलाला वाचवताना ट्रकखाली सापडून मरते. तो ट्रक खेळण्यांनी भरलेला आहे. खेळण्यांच्या खपावरून मालिका गुंडाळण्याच्या निर्णयाला पटकथाकारांनी दिलेले हे उत्तर होते, असा त्या प्रसंगाचा अर्थ तेव्हापासून लावला जातो. गंमत अशी की मालिकेला पुढे मुदतवाढ मिळाली आणि मोमोला पुन्हा जन्म घ्यावा लागला.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. २००० नंतरच्या दशकात केबलवर 'बेब्लेड' लागू लागली, तेव्हा इकडच्या गल्ल्यांतून आणि शाळेच्या मधल्या सुटीतून प्लॅस्टिकच्या भोवऱ्यांच्या लढती जुंपल्या. भोवरा आपल्याला नवा नव्हता. नवा होता तो त्याच्यामागचा ताकारा या जपानी कंपनीचा हिशेब. ती मालिकाच ताकाराच्या भोवऱ्यांभोवती रचलेली होती.

घरी न चालणारी कांडी

यंत्रमानवाच्या खेळण्यात एक सोय आहे. पडद्यावरचा यंत्रमानव मोठा आणि हातातला लहान, एवढाच फरक. त्याला उडवण्याचे काम मूल स्वतःच्या हाताने आणि तोंडाने करते. जादूच्या कांडीचे तसे नाही. कांडीचे काम मुलीचे रूप पालटणे हे आहे. दुकानातून आणलेल्या कांडीचे बटण दाबले की दिवा लागतो, सूर वाजतो, आणि मुलगी होती तशीच राहते. मुलींच्या मालिकांचा व्यापार या एका निराशेवर उभा आहे. ती निराशा भरून कशी काढायची, हा खेळणीवाल्यांपुढचा खरा प्रश्न होता.

उत्तर जपानी दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या दालनात तयार होत होते. १९६४ मध्ये एक फ्रेंच चित्रपट जपानमध्ये झळकला. त्याच्या नावातला 'मूर्ती' या अर्थाचा शब्द तरुण गायिकांसाठी रूढ झाला आणि पुढे 'आयडॉल' हा जपानी लोकसंस्कृतीचा एक स्वतंत्र पेशाच बनला. ऑक्टोबर १९७१ मध्ये निप्पॉन टीव्हीवर सुरू झालेल्या 'स्टार तांजो!' या स्पर्धात्मक कार्यक्रमाने सामान्य घरांतील शाळकरी मुलींना देशापुढे उभे केले. मोमोए यामागुची, जुंको साकुरादा, मासाको मोरी या तिघी त्याच कार्यक्रमातून आल्या. १९७६ मध्ये आलेल्या 'पिंक लेडी' या जोडीची गाणी लहान मुली हातवाऱ्यांसकट गिरवू लागल्या.

आयडॉलचे आकर्षण तिच्या गायनकौशल्यात नसते. आदल्या दिवशीपर्यंत ती तुमच्यासारखीच होती, यात असते. कांडीला जे जमत नाही ते, म्हणजे साध्या मुलीचे रूपांतर, आयडॉलच्या बाबतीत सर्वांदेखत आणि खरोखर घडते. बालमालिकांनी हे ओळखले तेव्हा दोन वाटा मिसळल्या.

ते घडले १ जुलै १९८३ रोजी. स्टुडिओ पिएरोच्या 'माहो नो तेन्शी क्रीमी मामी' या मालिकेत यू मोरिसावा ही दहा वर्षांची मुलगी जादूच्या कांडीने सोळा वर्षांची होते. दानवांशी लढायला ती जात नाही. एका कंपनीच्या नजरेस पडून आयडॉल गायिका होते. तिला आवाज दिला ताकाको ओता हिने, जी स्वतः नुकतीच पदार्पण करणारी गायिका होती. मालिकेचे शीर्षकगीत हेच तिचे पदार्पणाचे गाणे. चित्रातली मामी गाते तेव्हा ओताची ध्वनिमुद्रिका खपते, ओता मंचावर येते तेव्हा मामीची आठवण होते, आणि दोहोंच्या मध्ये बांदाईची कांडी उभी असते. मामीला राबवणारी 'पार्थेनॉन प्रॉडक्शन' ही कंपनी, तिचे मालक, दौरे, प्रतिस्पर्धी गायिका, हा सारा व्यवहार मालिकेने विनोदाने पण बराच नेमका रंगवला. शेवटच्या, बावन्नाव्या भागात अखेरच्या कार्यक्रमानंतर मामी कायमची नाहीशी होते आणि यू पुन्हा लहान मुलगी होते. जादूला मुदत असते, हे त्या मालिकेने प्रामाणिकपणे सांगितले. मुदत संपल्यावर परत जायला यूला स्वतःचे बालपण शिल्लक होते, ही गोष्ट पुढे आठवावी लागेल.

नावाची अदलाबदल

नव्वदच्या दशकातले बरेच काही येथे ओलांडून जाता येईल. 'सेलर मून'ने (१९९२) बांदाईच्या मुलींच्या खेळण्यांना नवे बळ दिले. त्याच वर्षीच्या 'हिमे-चान नो रिबॉन'मध्ये स्मॅप या मुलांच्या समूहाची गाणी होती आणि त्यातल्याच त्सुयोशी कुसानागीने एका पात्राला आवाज दिला होता. आयडॉल आणि कार्टून यांची ये-जा नेहमीची झाली.

नवे वळण आले एप्रिल २००६ मध्ये. 'चाओ' या मुलींच्या मासिकातील आन नाकाहारा यांच्या चित्रकथेवरून 'किरारिन रिव्होल्यूशन' ही मालिका टीव्ही तोक्योवर सुरू झाली. नायिका किरारी त्सुकिशिमा ही चौदा वर्षांची, खाण्यावर जीव असलेली, अपघाताने आयडॉल होणारी मुलगी. आवाजासाठी निवडली गेली कोहारू कुसुमी. 'मॉर्निंग मुसुमे' या प्रसिद्ध समूहात ती आदल्याच वर्षी, बारा वर्षांची असताना, हजारोंतून एकटी निवडली गेली होती. तिची गाणी 'किरारी त्सुकिशिमा, भूमिका: कोहारू कुसुमी' अशा नावाने प्रसिद्ध होत. ती किरारीच्या वेशात मंचावर येई. ओता मामीच्या पडद्यामागे होती. कुसुमी किरारीच्या पुढे उभी राहिली. मुलींनी प्रत्यक्ष कार्यक्रमात हाक मारायची ती कोणाला, हा प्रश्न निरर्थक व्हावा, हाच बेत होता.

मालिका मार्च २००९ पर्यंत, एकशे त्रेपन्न भाग चालली. कुसुमी तेरा वर्षांची होती ती सोळा वर्षांची झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती समूहातून बाहेर पडली. जपानी आयडॉल-व्यवहारात याला 'सोत्सुग्यो' म्हणतात; शाळेचे शिक्षण पूर्ण होणे असा त्याचा मूळ अर्थ. नोकरी सुटण्यालाही शाळेचाच शब्द वापरायचा, म्हणजे नोकरी होती हे कोणाच्या लक्षात येत नाही.

२००९-१० च्या हिवाळ्यात 'शुगो कारा! पार्टी!' या मालिकेने आपल्या अर्ध्या तासातच प्रत्यक्ष चित्रीकरणाचा भाग गुंफला. त्यात याच संस्थेच्या शिकाऊ मुली होत्या. शिकाऊ मुलींच्या गटाला ही संस्था 'एग', म्हणजे अंडे, म्हणत असे. मालिकेच्या नायिकेलाही जादूच्या अंड्यांतून निघालेले साथीदार लाभले होते, त्यामुळे श्लेष आयताच साधला.

हृदयाच्या आकाराचे खडे

दरम्यान खेळण्याचेच रूप बदलले होते. सेगा कंपनीच्या 'लव्ह अँड बेरी' (२००४) या गेम मशीनने दाखवून दिले की लहान मुली शंभर येनचे नाणे घेऊन यंत्रापुढे रांग लावतात. नाणे टाकले की पोशाखाचे एक कार्ड मिळते आणि त्या कार्डाने पडद्यावरच्या मुलीला सजवून नाचवता येते. या व्यवहाराची खुबी लक्षात घ्यावी. कांडी एकदा घेतली की आईबापांचे काम संपते. कार्डाचा व्यवहार संपत नाही, कारण पुढचा पोशाख नेहमी पुढच्या नाण्यात असतो.

ताकारा आणि तोमी या दोन जुन्या कंपन्या २००६ मध्ये एकत्र आल्या होत्या. त्यांनी सिन सोफिया या संगणकखेळ बनवणाऱ्या कंपनीसोबत २०१० मध्ये 'प्रिटी रिदम' हे मशीन आणले. यात कार्डाऐवजी प्लॅस्टिकचे हृदयाकृती खडे होते. प्रत्येक खड्यावर एक पोशाख. खडे डबीत ठेवता येत, मोजता येत, मैत्रिणींना दाखवता येत. मशीनपाठोपाठ एप्रिल २०११ मध्ये 'ऑरोरा ड्रीम' ही पहिली मालिका आली. दिग्दर्शक होते मासाकाझू हिशिदा, निर्मिती तात्सुनोको या जुन्या संस्थेची, कोरियातील एका संस्थेच्या सहभागाने. खरे गाणारे समूह पुरवले एवेक्स या ध्वनिमुद्रण कंपनीने आणि कोरियाच्या डीएसपी मीडियाने.

दुसऱ्या मालिकेत, म्हणजे लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या 'डिअर माय फ्यूचर'मध्ये, वर्तुळ पूर्ण झाले. ताकाको ओताने पात्राला आवाज दिला होता, कुसुमीने आवाज आणि देह दिला होता. येथे खऱ्या मुलींची नावेच पात्रांना दिली गेली. जपानी प्रिझमीच्या जोडीला 'प्युरेटी' हा पाच कोरियन मुलींचा समूह होता: हे-इन, सो-मिन, शी-युन, छे-ग्यंग आणि जे-उन. कथेतही त्या पाच जणी त्याच नावांनी जपानला येतात. आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या तुकड्याचे सूत्रसंचालन करायला याच खऱ्या मुली येत.

हा तुकडा नेमके काय साधत होता? कथा आणि दुकान यांमध्ये एक दरी असते. चित्रातली मुलगी 'तू' म्हणू शकत नाही. म्हणालीच तर ते खोटे वाटते. खरी मुलगी कॅमेऱ्यात पाहून 'तूही ये' म्हणू शकते. ती चित्रातल्या मुलीचे नाव धारण करून आलेली असते, म्हणून तिचे आमंत्रण कथेतून आल्यासारखे वाटते. ती खरी असते, म्हणून ते आमंत्रण खरेही वाटते. आपल्याकडे मूर्तीत प्राण आणण्याचा विधी असतो. येथे मूर्ती चित्राची, प्राण मुलीचा, आणि दक्षिणा शंभर येन.

तिसऱ्या मालिकेत, 'रेनबो लाइव्ह'मध्ये (२०१३-१४), कथेनेही पडदा उरू दिला नाही. तिची नायिका नारू आयासे 'प्रिझम स्टोन' नावाचे दुकान सांभाळते. प्रिझम स्टोन म्हणजे तेच, मशीनमधून मिळणारे खडे.

नियम कोणते?

अमेरिकेत हे चालले नसते. तेथील संचार आयोगाने १९६९ मध्येच 'हॉट व्हील्स' या खेळण्यातल्या मोटारींवर बेतलेल्या कार्टूनविरुद्धच्या तक्रारीची दखल घेतली होती. १९७४ च्या धोरणपत्रात आयोगाने, कार्यक्रमातील पात्राने किंवा सूत्रसंचालकाने त्याच कार्यक्रमात माल विकू नये, असे बजावले. ऐंशीच्या दशकात बंधने सैल झाली आणि 'ही-मॅन'सारख्या मालिकांचे पीक आले, तरी १९९० च्या कायद्याने बालकार्यक्रमांतील जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा घातली. पात्राने स्वतः विक्रेता होण्यावरील बंदीही कायम राहिली. याचे कारण साधे आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये निष्कर्ष काढला की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू ओळखता येत नाही. आवडत्या पात्राच्या तोंडून आलेली जाहिरात तर त्यांच्या दृष्टीने मैत्रिणीचे बोलणेच असते.

जपानमध्ये खासगी वाहिन्यांचा संघ स्वतःच स्वतःसाठी मानके ठरवतो. आठवड्याच्या एकूण प्रक्षेपणात जाहिराती अठरा टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू यावी, असे ती मानके सांगतात. परंतु कथेचाच भाग वाटणारा, कथेतल्याच नावाच्या मुलीने सांगितलेला मजकूर या मोजमापात कोठे बसवायचा? माहिती, मनोरंजन आणि विक्री यांच्या सीमेवर हा तुकडा मोठ्या कौशल्याने उभा असतो. जाहिरात असल्याचे लपवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जपानने स्वतंत्र नियम केला तो थेट १ ऑक्टोबर २०२३ पासून.

दुसरी बाजू

एवढे मांडल्यावर 'म्हणून या मालिका टाकाऊ' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. प्रायोजकाला हवे ते खेळणे ठराविक वेळी पडद्यावर आले की उरलेल्या वेळात काय सांगायचे याची मोकळीक लेखक-दिग्दर्शकांना बऱ्याचदा मिळत आली आहे. गंडममधील युद्धाची उदासी याच फटीतून आली. 'रेनबो लाइव्ह'मध्ये आईच्या अपेक्षांखाली गुदमरणारी बेल आहे, आईवडील वेगळे झालेली इतो आहे. खडे विकणाऱ्या दुकानाच्या कथेत आठ-दहा वर्षांच्या मुलींशी घराघरातल्या दुःखाविषयी इतक्या गंभीरपणे बोलले जाते, हे पाहून थक्क व्हायला होते. बाजाराने पैसे दिले नसते तर हे बोलणे झालेच नसते.

मशीनवरच्या मुलीही केवळ फसवल्या जात होत्या, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. याच परंपरेतल्या 'प्रिपारा'मध्ये (२०१४) मशीनमधून छापील तिकीट निघे आणि त्याचा वरचा भाग फाडून मैत्रिणीला द्यायचा असे. ज्यांनी ती तिकिटे वर्षानुवर्षे जपली, त्यांनी मैत्रीच जपली. वस्तू विकत घेतलेली असली तरी तिच्याभोवतीचा जिव्हाळा विकतचा नसतो.

म्हणून आक्षेप कथेवर नाही, खेळण्यावरही नाही. आक्षेप असलाच तर तो मध्ये उभ्या केलेल्या मुलीविषयी आहे. खेळण्याला वय नसते, चित्राला वय नसते. या तिघांत वय फक्त तिला असते.

मुदत

प्युरेटीची पहिली ध्वनिमुद्रिका सप्टेंबर २०१२ मध्ये निघाली. २०१४ च्या आरंभी समूह विसर्जित झाला. सो-मिन आणि छे-ग्यंग तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. सो-मिन, म्हणजे जॉन सो-मिन, २०१५ मध्ये 'एप्रिल' या दुसऱ्या समूहातून पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिली, काही महिन्यांत तेथून बाहेर पडली आणि २०१७ मध्ये 'कार्ड' या समूहातून तिने आणखी एकदा पदार्पण केले. युन छे-ग्यंगने २०१६ मध्ये 'प्रोड्यूस १०१' या स्पर्धेत शंभर मुलींसोबत पुन्हा परीक्षा दिली आणि त्याच वर्षी ती 'एप्रिल'मध्ये आली. तो समूह २०२२ मध्ये संपला. जपानी प्रिझमीचा प्रवास २०१७ मध्ये थांबला. चार-पाच वर्षांत मशीन बदलले, खडे जाऊन तिकिटे आली, नव्या मालिकेला नव्या गायिका मिळाल्या.

या मुलींची कीव करण्याचे कारण नाही. त्या कष्टाळू व्यावसायिक होत्या, आणि त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या बळावर नाव मिळवले. परंतु एक गोष्ट त्यांच्या हाती कधीच नव्हती. कोवळ्या वयात त्यांनी आपले नाव एका चित्राला दिले आणि ते चित्र दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे आहे. क्रीमी मामीची मुदत संपली तेव्हा यू घरी परत गेली, नाहीशी झाली ती मामी. येथे क्रम उलटला. चित्रातली सो-मिन जशीच्या तशी आहे, तिचे स्वप्न अजून पूर्ण व्हायचे आहे, आणि शनिवारी सकाळी पडद्यावर येऊन 'तूही ये' म्हणणारी सो-मिन मात्र केव्हाच निघून गेली आहे. आपल्याकडे मूर्ती विसर्जित करतात तेव्हा प्राण आधी परत घेतात आणि मग माती पाण्यात सोडतात. या व्यवहारात मूर्ती तेवढी राखून ठेवली जाते.

ताकारा तोमीने २०१७ मध्ये 'मिरॅकल ट्यून्स' ही मालिका आणली. दिग्दर्शनाची धुरा ताकाशी मिइके यांच्याकडे होती आणि तिच्यात चित्रे नव्हतीच. शाळकरी वयाच्या मुलीच नायिका, त्याच गायिका, त्यांच्याच हातात खेळणी. चित्र आणि तुकडा यांतली रेष पुसून टाकण्याचे काम अशा रीतीने पुरे झाले. पाच मालिकांची ही साखळी २०२२ पर्यंत चालली. तोवर यूट्यूबवर खेळण्यांची खोकी उघडून दाखवणारी मुले साऱ्या जगात प्रसिद्ध झाली होती. त्यांना तर सूत्रसंचालनासाठी कोणत्याही मालिकेची गरज नाही; त्यांचे स्वतःचे घर आणि त्यांचे स्वतःचे नाव पुरते.

आपल्या घरातले मूल आज मोबाइलच्या पडद्यावर दुसऱ्या एका मुलाला खेळणे उघडताना पाहत असते, तेव्हा आपण बहुधा खेळण्याच्या किमतीची चिंता करतो. ती रास्तच आहे. पण कधीतरी त्या दुसऱ्या मुलाचे वय किती असेल, आणि दहा वर्षांनी त्याचे नाव कोणाच्या मालकीचे असेल, हेही विचारून पाहावे. मार्बल-चानपासून प्रिझमीपर्यंतच्या इतिहासात हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.